लिंक खरी होती, पण वाटत होती खोटी

लोकलमध्ये, एसटीत, जिममध्ये, भांडी घासताना, जिथे कुठे ऐकत असाल तिथे तुमचं स्वागत. आणि ज्यांना कानांपेक्षा डोळे बरे वाटतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय ऑनलाइन फ्रॉड. थांबा, पुढे ढकलू नका! 'ओटीपी कुणाला देऊ नका' हे आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की ते आता लग्नातल्या बँडसारखं झालंय, वाजतं पण ऐकू येत नाही. मी आज फ्रॉड करणाऱ्यांबद्दल कमी बोलणार आहे. मी बोलणार आहे त्यांना फुकटात मदत करणाऱ्या खऱ्या, प्रामाणिक कंपन्यांबद्दल. आणि त्यात एकदा मीही होते, तेही सांगते.

आईला आलेले दोन मेसेज

माझी आई कराडला असते. एका दुपारी तिने मला एका एसएमएसचा स्क्रीनशॉट पाठवला. 'आपले री-केवायसी प्रलंबित आहे. खालील लिंकवर पूर्ण करा, अन्यथा खात्यावर निर्बंध येतील.' खाली लिंक. त्यात बँकेच्या नावाची दोन-तीन अक्षरं, मग हायफन, मग 'केवायसी', आणि शेवटी असलं काहीतरी शेपूट जे बँकेच्या नेहमीच्या वेबसाइटला नाही. मी मीटिंगमध्ये होते. दोन सेकंद बघितलं आणि लिहिलं, 'फ्रॉड आहे, डिलीट कर.' आईने अंगठा पाठवला. मला पण बरं वाटलं, चला, आजचं पुण्यकर्म झालं.

तीन आठवड्यांनी आई एटीएमवर गेली तर पैसे निघेनात. मग शाखेत गेली. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्हाला मेसेज केला होता की. लिंकवर का नाही भरलंत?" आणि त्यांनी स्क्रीनवर लिंक दाखवली. तीच. हायफनवाली. खरी होती.

संध्याकाळी फोन आला. "तुझं इंजिनिअरिंग राहू दे बाजूला, माझी पेन्शन अडकली." मी काय बोलणार?

चारेक महिन्यांनी तिला दुसरा मेसेज आला. या वेळी व्हॉट्सॲपवर, बँकेचा लोगो लावलेला. लिंक तशाच ठेवणीची. या वेळी तिने मला विचारलं नाही. का विचारेल? मागच्या वेळी विचारलं तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. तिने कार्डचा नंबर भरला, ओटीपी भरला, आणि दोन व्यवहारांत २४ हजार रुपये गेले. तासाभरात १९३० ला फोन केला म्हणून ९ हजार पुढच्या खात्यात अडकले आणि बऱ्याच महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले ते गेले.

त्या रात्री ती एक वाक्य बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मी लिंक नीट बघितली होती गं. मागच्यासारखीच होती."

आपण सगळ्यांना सांगतो, लिंक तपासा. आईने तपासली होती. पण खरी लिंक कशी दिसते हे तिला खुद्द बँकेनेच चुकीचं शिकवलं होतं.

पत्ता उजवीकडून वाचा

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, पोस्टाच्या पत्त्याइतकंच सोपं आहे.

आपण पत्ता लिहितो तेव्हा घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे जातो. डोमेन नेमही तसंच असतं. सगळ्यात उजवीकडे सगळ्यात मोठा प्रदेश, जसं डॉट कॉम किंवा डॉट इन. त्याच्या डावीकडे मालकाचं नाव. त्याच्याही डावीकडे जे काही असेल ते मालकाने स्वतःच्या जागेत बांधलेल्या खोल्या. त्यांना म्हणतात सबडोमेन.

समजा बँकेची वेबसाइट आहे 'तुमचीबँक डॉट इन'. आता 'केवायसी डॉट तुमचीबँक डॉट इन' असा पत्ता दिसला, तर ती त्या बँकेच्याच वाड्यातली खोली. बँकेच्या परवानगीशिवाय ती कुणी बांधू शकत नाही, आणि बँकेला त्यासाठी नवीन नाव विकत घ्यावं लागत नाही.

पण 'तुमचीबँक-केवायसी डॉट इन'? हा दुसऱ्या गल्लीतला भाड्याचा गाळा. वर पाटी बँकेची, पण गाळा कुणाचा ते पाटीवरून कळत नाही. हे नाव बँक विकत घेऊ शकते, मी घेऊ शकते, आत्ता हा एपिसोड ऐकणारा कुणीही घेऊ शकतो. वर्षाला काही शे रुपये. नाव शिल्लक आहे की नाही एवढंच बघतात.

तिसरा प्रकार, 'तुमचीबँक डॉट इन डॉट अपडेट-सेवा डॉट टॉप'. सुरुवातीला बँकेचं नाव बघून जीव भांड्यात पडतो, पण मालक कोण? उजवीकडून वाचा. 'अपडेट-सेवा डॉट टॉप'. बँकेचं नाव ही त्याच्या घरातली एका खोलीची पाटी, दुसरं काही नाही. मोबाइलवर ॲड्रेस बार एवढासा असतो की लांब पत्ता पूर्ण दिसतही नाही, त्यामुळे हा प्रकार फोनवर जास्त फसवतो.

वाचायचं कसं? 'एचटीटीपीएस' नंतरचे दोन तिरके दांडे सोडा. त्यानंतर पहिला तिरका दांडा येईपर्यंतचा भाग घ्या, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. एक खाचखळगा आहे: डॉट को डॉट इन, डॉट गव्ह डॉट इन यांसारख्या जोडशेपटांमध्ये मालकाचं नाव उजवीकडून तिसरं असतं.

आणि हो, कुलपाचं चिन्ह. कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. समोरचा चोर असला तरी चोराशी तुमचं बोलणं अगदी सुरक्षित! सर्टिफिकेट आता फुकट मिळतं, फ्रॉडवालेही घेतात. म्हणूनच गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७ व्या आवृत्तीत ॲड्रेस बारमधलं ते कुलूप काढून दुसरं साधं चिन्ह लावलं.

नंबर प्लेटची गोष्ट

हे उदाहरण महाराष्ट्रात जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाला आठवेल. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवायला सांगितलं गेलं. आधी मुदत ३१ मार्च २०२५ होती, मग ती वाढत गेली. राज्याचे तीन झोन केले, प्रत्येक झोनला एक खासगी एजन्सी, आणि प्रत्येक एजन्सीची स्वतःची बुकिंग वेबसाइट.

आता या तीन अधिकृत वेबसाइट्सची नावं ऐका. एमएचएचएसआरपी डॉट कॉम. एचएसआरपीएमएचझोन२ डॉट इन. महाराष्ट्रएचएसआरपी डॉट कॉम.

तिन्ही खऱ्या. एकाच्याही शेवटी गव्ह डॉट इन नाही. आता एक खेळ खेळा. महाराष्ट्र, एमएच, एचएसआरपी, झोन, बुकिंग, ऑनलाइन हे शब्द उलटसुलट जोडून चौथं नाव तयार करा. ते या तिघांच्या रांगेत उभं केलं तर वेगळं ओळखू येईल? मला नाही येणार, आणि मी हेच काम करून पगार घेते.

व्हायचं तेच झालं. बनावट बुकिंग वेबसाइट्स निघाल्या आणि परिवहन विभागाला सायबर पोलिसांकडे तक्रार करावी लागली. लोकांना आवाहन झालं की अधिकृत वेबसाइटवरच बुकिंग करा. बरोबर आहे. पण दुचाकीच्या प्लेटचे ४५० रुपये अधिक जीएसटी भरायला बसलेल्या माणसाने 'अधिकृत' ओळखायचं कशावरून? गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे, मोबाइल नंबर, मग पेमेंट, हे सगळं तर खऱ्या साइटवरही भरायचं असतं.

खात्रीचा रस्ता होता. परिवहन विभागाच्या स्वतःच्या साइटवर, म्हणजे ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन वर जायचं, तिथे आपलं आरटीओ ऑफिस निवडायचं, मग ती साइट तुम्हाला योग्य एजन्सीकडे पाठवते. पण आपण असं करतो का? आपण गुगलवर 'एचएसआरपी महाराष्ट्र' टाकतो, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी टाकलेली लिंक उघडतो.

याच्या शेजारी राज्याच्या ई-चलानचा पत्ता ठेवून बघा: महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन. लांबलचक आहे, म्हणताना जीभ अडखळते, पण शेवटी गव्ह डॉट इन आहे. ते शेपूट खासगी माणसाला विकत मिळत नाही, सरकारी संस्थेलाच मिळतं. त्यामुळे आईला सांगायला एक वाक्य पुरतं: "चलानचा मेसेज आला आणि शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर भरू नको." नंबर प्लेटच्या बाबतीत असं एक वाक्य मला सापडलंच नाही.

कंपनीच स्वतः फसली तेव्हा

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असंच चालतं. नाही हो! या प्रकाराचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

इक्विफॅक्स ही तिथली मोठी क्रेडिट ब्यूरो. आपल्याकडे सिबिल स्कोर बघतात ना, तशाच कामातली. २०१७ मध्ये त्यांच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ७ सप्टेंबरला त्यांनी हे जाहीर केलं आणि 'तुमची माहिती गेली का ते इथे तपासा' म्हणून एक वेबसाइट काढली. स्वतःच्या डोमेनवर एक पान करायचं सोडून अगदी नवं डोमेन घेतलं: इक्विफॅक्ससिक्युरिटी२०१७ डॉट कॉम. आणि तिथे लोकांकडून आडनाव आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे सहा आकडे मागितले.

निक स्वीटिंग नावाच्या एका डेव्हलपरला हा धोका दिसला. त्याने फक्त शब्दांची अदलाबदल करून नाव विकत घेतलं: सिक्युरिटीइक्विफॅक्स२०१७ डॉट कॉम. खऱ्या साइटची हुबेहूब नक्कल उभी केली. त्याला कुणाला लुटायचं नव्हतं, हे किती सोपं आहे ते दाखवायचं होतं.

आणि मग इक्विफॅक्सच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच मदत मागणाऱ्या ग्राहकांना त्या नकली साइटची लिंक पाठवली. एकदा नाही, अनेकदा. ज्या कंपनीने डोमेन निवडलं, तिच्याच माणसांना ते लक्षात राहिलं नाही. नशीब, समोर चांगला माणूस होता.

माझी आई निदान तिच्या बँकेची कर्मचारी तरी नव्हती.

कंपन्या असं का करतात? आता माझी कबुली

बाहेरून बघितलं की वाटतं, एवढ्या मोठ्या कंपन्या आणि इतका मूर्खपणा? आतून बघितलं की कळतं, मूर्ख असं कुणीच नसतं. सगळ्यांना फक्त घाई असते.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. दिवाळीच्या आधी मार्केटिंगची टीम आली. ऑफरचं एक छोटं पान हवंय, चार दिवसांत. पान बनवायला मला एक दिवस पुरला असता. पण ते कंपनीच्या डोमेनखाली, म्हणजे 'ऑफर डॉट कंपनी' असं टाकायचं तर इन्फ्राच्या टीमला तिकीट टाकायचं, मग सिक्युरिटी रिव्ह्यू, मग तीन जणांची मंजुरी. दोन आठवडे. म्हणून मी काय केलं? कंपनीचं नाव, हायफन, 'दिवाळी', डॉट कॉम. दहा मिनिटांत स्वतःच्या कार्डवर विकत घेतलं, बिल क्लेम केलं. मॅनेजर खूश, मार्केटिंग खूश. छापील पॅम्फ्लेटवर क्यूआर कोडसुद्धा गेला.

पुढच्या वर्षी रिन्यूअलचा मेल ज्या सहकाऱ्याच्या नावावर होता, तो तोवर नोकरी सोडून गेला होता. डोमेन संपलं. कुणीतरी ते उचललं. मी सहज उघडून बघितलं तर तिथे रमी आणि 'पाच मिनिटांत कर्ज' अशा जाहिराती. आणि कुठल्यातरी दुकानाच्या काचेवर आमचा तो क्यूआर कोड अजून चिकटलेला असेल, कंपनीच्या लोगोसकट. तिथे जाहिरातींच्या जागी पेमेंटचा फॉर्म असता तर? मी तेव्हा हा विचारच केला नव्हता.

साधारण अशाच कारणांनी हे होत राहतं. एसएमएस पाठवायचं काम एका एजन्सीला दिलेलं असतं, ती स्वतःची छोटी लिंक वापरते. केवायसीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून घेतलेलं असतं, ते त्याच्या डोमेनवर चालतं. दोन कंपन्या एकत्र होतात आणि दोघींची जुनी नावं चालू राहतात. प्रत्येक निर्णय त्या-त्या दिवशी सोयीचा असतो. पण आपल्याला, वापरणाऱ्यांना, त्या सगळ्यांतून एकच धडा मिळतो: कंपनीचा पत्ता कसाही असू शकतो, फार विचार करायचा नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेगळं डोमेन घेणं प्रत्येक वेळी चूक नसतं. गिटहब लोकांनी बनवलेली पानं गिटहब डॉट कॉमवर न ठेवता गिटहब डॉट आयओवर ठेवतं. अनोळखी माणसाचा कोड मुख्य डोमेनवर चालला तर लॉगिनच्या कुकीजना धोका असतो, म्हणून हे वेगळेपण मुद्दाम केलेलं आहे. पण तिथे कुणी तुमच्याकडून गिटहबचा पासवर्ड मागत नाही. जिथे पासवर्ड, पैसे किंवा आधार नंबर मागायचा, तिथे तरी घरचाच पत्ता हवा.

ज्याला सगळं कळतं तोही

'आम्हाला कळतं, आम्ही नाही फसणार' असं वाटणाऱ्यांसाठी एक किस्सा. ट्रॉय हंट हे सायबर सुरक्षेतलं जगभर माहीत असलेलं नाव. तुमचा ईमेल कुठल्या डेटाचोरीत सापडलाय का ते दाखवणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट त्यांचीच. मार्च २०२५ मध्ये ते स्वतः फसले. मेलचिंपच्या नावाने ईमेल आला. लिंक गेली मेलचिंप-एसएसओ डॉट कॉमवर. त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी भरला आणि त्यांच्या वाचकांचे सुमारे १६ हजार ईमेल पत्ते चोरीला गेले. प्रवासाचा थकवा होता, हे त्यांनी स्वतःच लिहिलं.

पण त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ते पासवर्ड मॅनेजर वापरतात. पासवर्ड मॅनेजर डोमेन अक्षर न अक्षर जुळवून बघतो, आणि जुळलं तरच पासवर्ड भरतो. त्या दिवशी त्याने पासवर्ड भरला नाही. म्हणजे घंटा वाजली होती. तरी ते थांबले नाहीत, कारण खऱ्या सेवांच्या बाबतीतही असं सारखं होतं. खातं एका डोमेनवर उघडायचं, लॉगिन दुसऱ्याच डोमेनवर करायचं. इतक्या वेळा खोटी वाजलेल्या घंटेकडे कोण बघणार?

आईची गोष्ट आणि ही गोष्ट, मला तरी एकच वाटते.

काही सुधारतंय का?

हो, सुधारतंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव शेपूट असेल. ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे, आणि बँकांना तिकडे जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत. म्हणून स्टेट बँक आता एसबीआय डॉट बँक डॉट इन वर दिसते. गव्ह डॉट इन सारखंच, हे कुणालाही बाजारात मिळत नाही. म्हणजे आईला सांगायला शेवटी एक वाक्य मिळालं.

फक्त एका टिंबाकडे लक्ष द्या. 'तुमची, डॉट, बँक, डॉट, इन' हे राखीव आहे. 'तुमचीबँक, डॉट, इन' हे साधं डॉट इन आहे, कुणीही घेऊ शकतो. कानाने ऐकलं तर फरक एका टिंबाचा. आणि बँक डॉट इन हे अगदी शेवटी हवं, मध्ये नाही.

ट्रायनेही १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम लावला की कंपन्यांच्या एसएमएसमध्ये आधी नोंदवलेली लिंकच जाईल. चांगलंच आहे. पण हा नियम कंपन्यांच्या एसएमएसला. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकला तो लागू नाही, आणि आईला दुसरा मेसेज तिथेच आला होता.

मला सगळ्यात पटलेला उपाय सिंगापूरचा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस गेले, जवळपास ७९० ग्राहकांचे मिळून सुमारे १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. बँकेने ते ग्राहकांना भरून दिले. आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या नियामकाने बँकांना सांगितलं की सर्वसामान्य ग्राहकांना पाठवायच्या एसएमएस आणि ईमेलमधून क्लिक करायच्या लिंकच काढून टाका. विषयच संपला! बँक जर कधीच लिंक पाठवत नसेल, तर आलेली प्रत्येक लिंक खोटी. ग्राहकाला डोमेन वाचायची गरजच नाही.

मग आपण काय करायचं?

आधी ऐकणारे म्हणून.

लिंक ओळखत बसू नका, रस्ता बदला. मेसेज खरा असो की खोटा, त्यातली लिंक वापरायची नाही. बँकेचं काम असेल तर बँकेचं ॲप स्वतः उघडा. केवायसी खरंच बाकी असेल तर तिथेही दिसेल. नसेल दिसत तर कार्डच्या मागच्या नंबरवर फोन करा किंवा शाखेत जा. आईला मी 'फ्रॉड आहे, डिलीट कर' म्हणाले ती माझी चूक होती. 'लिंक उघडू नको, उद्या शाखेत विचार' म्हणाले असते तर पेन्शनही अडकली नसती आणि माझा शब्दही राहिला असता.

या रविवारी आई-बाबांचा फोन हातात घ्या. बँक, वीजबिल, गॅस, ई-चलान यांचे खरे पत्ते एकदा शोधून होम स्क्रीनवर ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पासवर्ड मॅनेजर वापरत असाल आणि तो अचानक गप्प बसला, तर तुम्हीही थांबा. हाताने पासवर्ड टाकायच्या आधी ॲड्रेस बार उजवीकडून वाचा.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच अडकवता येतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची. आणि घरात कुणी फसलं तर आधी फोन लावा, 'तुला कळत नाही का' हे नंतर. खरं तर नंतरही नको.

आता जे माझ्यासारखे कंपन्यांमध्ये काम करतात त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी कुणी हायफन लावून नवं डोमेन घ्यायला सांगेल, तेव्हा सबडोमेनचं तिकीट टाका आणि दोन आठवडे लागतील असं स्पष्ट सांगा. एक सोपी परीक्षा सांगते. तो पत्ता फोनवर स्वतःच्या आजीला सांगून बघा. 'आपल्या नेहमीच्या वेबसाइटवरच आहे' एवढं बोलून भागत असेल तर पत्ता चांगला. 'मध्ये छोटी आडवी रेघ, मग केवायसी, मग टू पॉइंट ओ' असं सांगावं लागत असेल तर आजीच्या आधी चोराला तो पाठ होईल. घेतलेली जुनी डोमेन सोडून देऊ नका, ती कुणाच्या नावावर आहेत त्याची यादी ठेवा. आणि तुमच्या मुख्य साइटवर एक पान असू द्या: आमचे खरे पत्ते एवढेच.

मी सध्याच्या ऑफिसात अशी यादी करायला घेतली. आपली किती डोमेन आहेत असं विचारलं तर पाच जणांनी पाच वेगळे आकडे सांगितले. काम चालू आहे.

आणि आई? आईने त्या बँकेच्या शाखेत एक अर्ज दिला, स्वतःच्या अक्षरात, मराठीत. 'आपण पाठवता ती लिंक आणि चोर पाठवतात ती लिंक यांत मला फरक कळत नाही. कृपया मला लिंक पाठवू नये. काम असल्यास पत्र पाठवावे किंवा फोन करून शाखेत बोलवावे.' पोच घेतली, शिक्का मारून. उत्तर अजून आलेलं नाही. पण मला तर वाटतं, या विषयावरचं सगळ्यात चांगलं टेक्निकल डॉक्युमेंट तेच आहे.

तुमच्या घरीही अशी खरी असून खोटी वाटणारी लिंक आली असेल तर मला स्क्रीनशॉट पाठवा. हो, स्क्रीनशॉटच. लिंक पाठवू नका, मी उघडणार नाही!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.